मनाचाही केस पेपर लिहा

वस्तीत आरोग्य तपासणीचं शिबिर लागलं की आपल्या बायाबापड्या रांगेत येतात. बीपी मोजलं जातं, साखर, हिमोग्लोबिन बघितलं जातं. कुणाचं रक्त कमी निघतं, कुणाची साखर वाढलेली असते. त्याला औषध आहे. पण काही जणींचं सगळं ठीक निघतं आणि तरी त्या म्हणतात, "सिस्टर, डोकं भणभणतं. रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. पोरांवर उगाच हात उचलला जातो." त्यांना आपण व्हिटॅमिनच्या गोळ्या देतो आणि पुढचा नंबर पुकारतो.

अशा ताईंना मी अलीकडे एक जास्तीचा उपाय सांगते. एक साधी वही घ्या आणि रोज दहा मिनिटं लिहा. ऐकणारी हसते. "आम्हाला कुठं लिहायला वेळ? आणि आम्ही काय पुस्तक काढायचं?" पुस्तक काढायचं नाही. फक्त स्वतःचा केस पेपर लिहायचा.

नर्स काय लिहिते?

दवाखान्यात नर्सची ड्युटी बदलते तेव्हा ती पेशंटची नोंद लिहून जाते. किती वाजता ताप आला, किती होता, काय दिलं, पुढे काय बघायचं. त्या नोंदीत कथा नसते, अलंकार नसतात. पण चार दिवसांच्या नोंदी एकत्र वाचल्या की डॉक्टरांना कळतं, ताप रोज संध्याकाळीच चढतो. एका दिवसाच्या तपासणीत ते कधीच कळलं नसतं.

मनाचंही तसंच आहे. वहीत रोज चार गोष्टी लिहा:

1. तारीख, वार आणि रात्री किती तास झोप झाली.
2. आज काय घडलं? एक-दोनच गोष्टी.
3. त्या वेळी मनाला आणि अंगाला काय वाटलं? राग, भीती, रडू, छातीत धडधड, पोटात गोळा, जे असेल ते.
4. मी काय केलं? उद्या काय करता येईल?

उदाहरणार्थ: "मंगळवार. झोप चार तास. पहाटे पाण्याला उठले. कामावरच्या बाईने सुट्टीचे पैसे कापले. काही बोलता आलं नाही. घशात आवंढा आला. घरी येऊन पोरीला मारलं. उद्या बाईला हिशेब विचारायचा." झाली नोंद. शुद्धलेखनाची काळजी करू नका. ही वही कुणी तपासणार नाही. आपण घरात बोलतो त्याच बोलीत लिहा.

जमलं तर शेवटी दिवसातली एक बरी गोष्टही लिहा. शेजारणीने चहा दिला, पोराला गणित सुटलं, एवढीही पुरे.

महिन्याने मागची पानं वाचा

खरा उपयोग इथे आहे. महिनाभराची पानं सलग वाचली की काही गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात. एखादीला वाटत असतं, माझा स्वभावच चिडका झालाय. वही सांगते की ज्या दिवशी पहाटे चारला पाणी येतं त्याच दिवशी घरात भांडण होतं. सातपूर-अंबडच्या कंपनीत जाणाऱ्या दादाला दिसतं की रात्रपाळीच्या आठवड्यातच दारूचं प्रमाण वाढतं. कुणाची चिडचिड पाळीच्या आधीच्या चार दिवसांत असते, तर कुणाची पगार संपल्यावर.

सगळा दोष आपल्या अंगावर ओढून घ्यायची आपल्याला सवय लावलेली आहे. वही वाचली की त्यातला आपला वाटा किती, आणि झोप, पाणी, पैसा, मारझोड, अपमान यांचा किती, ते वेगळं करता येतं. वेगळं झालं की मार्ग शोधता येतो. पाण्याच्या वेळेसाठी चारचौघींनी मिळून महानगरपालिकेत जाता येतं. डोकेदुखीच्या तारखा डॉक्टरांना दाखवता येतात. घरात मारहाण होत असेल तर संरक्षण अधिकाऱ्यांकडे किंवा वकिलाकडे जाताना तारीखवार नोंद आठवणीला मोठा आधार देते.

अभ्यास काय सांगतो?

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर यांनी 1986 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज 15 मिनिटं लिहायला सांगितलं. काहींनी साध्यासुध्या विषयांवर लिहिलं, काहींनी आयुष्यातल्या दुखऱ्या घटनांवर. ज्यांनी घटना आणि तिच्याबद्दलच्या भावना दोन्ही लिहिल्या, ते पुढच्या काही महिन्यांत दवाखान्यात कमी वेळा गेले. मात्र लिहून झाल्याबरोबर त्यांना जास्त उदास वाटलं होतं, हेही त्यात नोंदवलेलं आहे. नंतर असे शंभरावर अभ्यास झाले. सरासरी फायदा दिसला, पण तो लहान आहे. म्हणून वहीला जादू समजू नका आणि चालू असलेली गोळी बंद करू नका.

वही ठेवायची कुठे?

एका खोलीत सहा माणसं राहतात तिथे स्वतःची वही ठेवणं सोपं नाही. ही अडचण आपल्या आधीच्या बायांनीही सोसली आहे. फलटणच्या बेबीताई कांबळे चौथीपर्यंत शिकलेल्या. घरच्या किराणा दुकानात बसल्या बसल्या त्या लिहीत. ते लिखाण त्यांनी नवऱ्यासह घरच्यांपासून तब्बल वीस वर्षं लपवून ठेवलं. पुढे फलटणमध्ये राहणाऱ्या अभ्यासक मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रोत्साहनाने ते बाहेर आलं. 1982 मध्ये 'स्त्री' मासिकातून आणि 1986 मध्ये पुस्तकरूपाने 'जिणं आमुचं' लोकांसमोर आलं. आज ते जगभर वाचलं जातं. पण आधीची वीस वर्षं ते फक्त त्यांचं होतं, हे लक्षात ठेवा.

आपणही जागा शोधू. डबा खाल्ल्यावरची दहा मिनिटं, पोरं शाळेत गेल्यावरचा वेळ, विहारातली अभ्यासिका. वही पोरांच्या जुन्या वह्यांमध्ये मिसळून ठेवा किंवा विश्वासातल्या मैत्रिणीकडे ठेवा. वही सापडली तर मार बसेल अशी भीती असेल तर घरात लिहून ठेवूच नका. कागदावर लिहा आणि फाडून टाका. लिहिण्याने मन हलकं व्हायचं ते तरीही होतं. घरच्यांनाही सांगणं आहे: कुणाची वही उघडी दिसली तरी वाचू नका.

लिहिता येत नसेल तर

आपल्या सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक मोठेपणी मुंबईत अक्षर शिकले. दुकानांच्या पाट्या वाचून त्यांनी जोडाक्षरं पक्की केली आणि पुढे हजारो गाणी लिहिली. तेव्हा शिकायला उशीर झाला असं म्हणू नका. तोवर खुणा चालतील. कॅलेंडरवर बऱ्या दिवसाला गोल, वाईट दिवसाला फुली, डोकं दुखलं तर टिंब. मोबाइलवर स्वतःच्या आवाजात दोन मिनिटं बोलून ठेवता येतं, फक्त फोनला लॉक लावा. लेकरांना मात्र आपलं दुःख लिहून घ्यायला बसवू नका. ते ओझं त्यांचं नाही.

कधी थांबायचं?

एखादी जुनी जखम लिहिताना हातपाय कापायला लागले, श्वास कोंडला, तर तिथेच पेन खाली ठेवा. पाणी प्या, बाहेर या, कुणाशी तरी बोला. त्या दिवशी फक्त काय खाल्लं, कुठे गेले, एवढंच लिहा. लिहून झाल्यावर थोडा वेळ वाईट वाटणं साहजिक आहे. पण रोज लिहून रोजच जास्त खचायला होत असेल तर लिहिणं थांबवा.

दोन आठवड्यांहून जास्त दिवस उदासी राहिली, झोप-भूक उडाली, कामात लक्ष लागेना, तर वही घेऊन सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात जा. जगणं नको असा विचार वहीत उतरला तर वाट बघू नका. त्याच क्षणी जवळच्या माणसाला सांगा आणि 14416 या टेलिमानस क्रमांकावर फोन करा. ही सरकारी सेवा मोफत आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीतून बोलता येतं. घरात मारहाण होत असेल तर महिलांसाठी 181 आणि तातडीच्या मदतीसाठी 112 आहे.

सुरुवात मोठी करू नका. पहिला आठवडा रोज तीन ओळी पुरेत. मधे दोन दिवस चुकले तर तिसऱ्या दिवशी पुढची तारीख टाका आणि लिहा. पोरांच्या वह्या घ्यायला दुकानात जाल तेव्हा एक वही स्वतःसाठीही घ्या.