झाडपाल्याचे औषध आणि गर्भाशयातील गाठी

कण्हेर आपल्या अंगणात फुलते, धोतरा बांधावर उगवतो. दोन्ही निसर्गाचीच झाडे. पण त्यांची मुळी किंवा बी पोटात गेल्यावर काय होते हे गावातल्या पोरालाही ठाऊक आहे. तरीही आठवड्याच्या बाजारात कोणी ‘नैसर्गिक आहे, काही अपाय नाही’ म्हणत बाटली पुढे केली की आपण हे विसरतो. गर्भाशयातील गाठींवर, म्हणजे फायब्रॉइडवर, अशी चूर्णे व गोळ्या बऱ्याच घरांत घेतल्या जातात. भगिनी लाजेने बोलत नाहीत, म्हणून हा मजकूर घरातील पुरुषांनीही वाचावा.

ही गाठ कसली?

गर्भाशयाची भिंत स्नायूंची असते. त्या स्नायूंच्याच पेशी वाढून ही गाठ बनते. ती वाटाण्याएवढी असेल, नारळाएवढीही होईल. हा कर्करोग नव्हे. क्वचितच एखादी गाठ तशी निघते. पुष्कळ स्त्रियांना गाठ असूनही त्रास नसतो. काहींच्या मात्र अंगावरून फार जाते, ओटीपोट जड होते, लघवीला वारंवार जावे लागते.

शरीरातील संप्रेरकांवर ही गाठ पोसते. त्यामुळे पाळी कायमची बंद झाल्यावर ती बहुधा आपोआप आकसते. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कोणी चूर्ण सुरू केले आणि पन्नाशीनंतर गाठ लहान झाली, तर श्रेय चूर्णाला जाते. काम वयाने केलेले असते.

कशात काय धोका?

हळद : स्वयंपाकातील हळदीची भीती नको. पण तिचा अर्क काढून, शोषण वाढावे म्हणून मिऱ्याचे सत्त्व घालून केलेल्या गोळ्यांनी काहींच्या यकृताला सूज आल्याची नोंद आहे.

हिरवा चहा : याच्या अर्काने गाठ लहान झाल्याचे एका छोट्या प्रयोगात २०१३ साली दिसले. पुरावा अजून अपुरा आहे. शिवाय २०१८ साली युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने सांगितले की, या चहातील मुख्य द्रव्य गोळ्यांतून दिवसाला ८०० मिलिग्रॅम वा अधिक घेतल्यास यकृताला इजा झाल्याची चिन्हे रक्तात दिसू शकतात. कपभर चहा वेगळा, अर्काची गोळी वेगळी.

अशोक : सालीचा उपयोग आयुर्वेदात जुना आहे, पण तो सीता-अशोकाचा. शाळेच्या आवारात रांगेने लावलेला उंच, सरळ अशोक हे दुसरेच झाड. त्याची साल काढून काढा करू नये. बाजारातील सालीतही ही भेसळ होते. अशोकारिष्ट आंबवून करतात, त्यात मद्यार्क असतो. यकृताचा विकार असल्यास आधी विचारावे.

‘ड’ जीवनसत्त्व : ते कमी असलेल्या स्त्रियांत गाठी अधिक आढळतात. म्हणून जास्त घेतल्याने गाठ जाते असे नाही. ६०,००० युनिटची पुडी सामान्यतः आठवड्याला एक देतात. ती रोज घेत राहिल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडे बिघडतात.

भस्मे व बिननावाच्या पुड्या : अमेरिकेतील बॉस्टन भागातील दुकानांतून आणलेली ७० आयुर्वेदिक औषधे तपासली, तेव्हा १४ औषधांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. ही तपासणी २००४ साली प्रसिद्ध झाली. परवाना क्रमांक, घटक व मुदत छापलेली नसेल ते औषध घेऊ नये.

धोका एकट्या झाडपाल्यालाच आहे असेही नाही. युलिप्रिस्टल हे याच गाठींवरचे रासायनिक औषध. यकृताच्या गंभीर इजेमुळे युरोपात २०२० साली त्यावर कडक निर्बंध सुचवले गेले. फरक एवढाच की, त्याच्या रुग्णांची मोजदाद होती म्हणून इजा उघडकीस आली. बाजारातल्या पुडीची मोजदाद कोण ठेवतो?

मोठी हानी : वेळ

पुडीने यकृत बिघडले नाही तरी सहा महिने जातात, आणि रक्त जातच राहते. हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेले की पंडुरोग समजावा. भांगलताना धाप लागते, चक्कर येते, आणि घरात म्हणतात, ‘हिला कामाचा आळस’. नाचणी, पालेभाजी, हळीव जरूर खावे. पण एवढी झीज नुसत्या आहाराने भरून येत नाही. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यावी, चहाबरोबर नको.

दवाखान्यात गेले की पिशवीच काढतील, ही भीती खोटी म्हणता येत नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड भगिनींच्या शस्त्रक्रियांचे प्रकरण २०१९ साली गाजले. पण उपाय तेवढाच नाही. रक्तस्राव आवरणाऱ्या गोळ्या आहेत, गर्भाशयात बसवायचे संप्रेरकाचे साधन आहे, नुसती गाठ काढता येते. पिशवी काढायला सांगितली तर दुसऱ्या डॉक्टरांचेही मत घ्यावे.

ध्यानात ठेवावे

१. आधी सोनोग्राफी व रक्ततपासणी, मग औषध.

२. जे घेत असाल ती बाटली पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल तर हे विसरू नये.

३. गर्भ राहिला असल्यास किंवा राहावा अशी इच्छा असल्यास स्वतःच्या मनाने काही घेऊ नये.

४. डोळे पिवळे, लघवी गडद, अंगाला खाज : औषध तत्काळ बंद करून दवाखाना गाठावा.

५. तासाला एक पॅड भिजत असेल, किंवा पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसले, तर एक दिवसही थांबू नये.

पिकावर फवारताना कोणते औषध, किती पाण्यात, हे आपण दहा वेळा विचारतो. घरच्या बाईच्या पोटात जाणाऱ्या औषधाबद्दल निदान तेवढे तरी विचारावे.