शेवटची एसटी आणि ४४३ नाबाद

चिखली-मेहकर पट्ट्यात उन्हाळ्यात टेनिस बॉलची टुर्नामेंट भरली, की हरायला लागलेल्या टीमला हमखास शेवटची एसटी आठवते. मी शाळेच्या आडव्या रेघांच्या वहीत स्कोअर लिहायचो. पऱ्हाटी उपटून मोकळं केलेलं वावर, बांधावरच्या निंबापर्यंत बाउंड्री. काळ्या मातीला हात हात भेगा पडलेल्या. बॉल भेगेत गेला की धावणं थांबवायचं की पळतच राहायचं, यावरून दरवेळी भांडण. एकदा आमचा एक भिडू ४६ वर खेळत होता आणि पाहुणी टीम "गाडी जाईन ना भाऊ" म्हणत बॅटी खांद्यावर टाकून स्टँडच्या रस्त्याला लागली. मी त्याच्या नावापुढे 'नाबाद' लिहिलं. पुढची घरं कोरी राहिली. भिडू रात्रीपर्यंत माझ्याशी बोलला नाही, जशी काही गाडी मीच बोलावली होती.

पुढे भाऊसाहेब निंबाळकरांची गोष्ट वाचली तेव्हा पहिल्यांदा हेच आठवलं. हा प्रकार रणजी करंडकातही झालेला आहे, आणि तिथे तर पन्नाशीचा नव्हे, जागतिक विक्रमाचा प्रश्न होता.

डिसेंबर १९४८. पुण्याचं पूना क्लब मैदान, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. काठियावाडचा डाव २३८ धावांत संपला. सलामीची जोडी फुटल्यावर भाऊसाहेब आले. चारच दिवसांपूर्वी त्यांना २९ वर्षं पूर्ण झालेली. दुसऱ्या विकेटसाठी त्यांनी कमल भांडारकरांबरोबर ४५५ धावा जोडल्या, त्यात भांडारकरांच्या २०५. ते बाद झाले तरी भाऊसाहेब खेळतच राहिले. ४९४ मिनिटं, ४९ चौकार, एक षटकार. स्कोअररची खोड म्हणा, मी हे आकडे मांडून पाहिले: चौकार-षटकारांच्या २०२ वजा केल्या तर ४४३ पैकी २४१ धावा त्यांनी पळून काढल्या. शिवाय समोरच्याच्या धावांसाठी मारलेल्या फेऱ्या वेगळ्याच. आठ तासांहून जास्त वेळ क्रीजवर उभं राहून.

मधल्या सुट्टीला महाराष्ट्र ४ बाद ८२६, भाऊसाहेब ४४३ नाबाद. ब्रॅडमनने १९३० मध्ये सिडनीला क्वीन्सलंडविरुद्ध नाबाद ४५२ केल्या होत्या. प्रथम श्रेणी क्रिकेटमधली तेव्हाची ती सर्वोच्च खेळी. गाठायला नऊ हव्या होत्या, ओलांडायला दहा. काठियावाडचे कर्णधार राजकोटचे ठाकोरसाहेब. त्यांनी डाव घोषित करा म्हटलं. विनवण्या झाल्या, दोन षटकांचा तर प्रश्न होता. पण आपल्या संघाचं नाव असल्या विक्रमाखाली लागावं हे संस्थानिकाला मानवलं नाही. काठियावाडने सामना सोडला आणि मंडळी सामान बांधून स्टेशनवर गेली. भाऊसाहेब मुलाखतींत सांगत, की विक्रमाची गोष्ट आपल्याला त्या सुट्टीतच कळली. आधी कळलं असतं तर दहा धावा कधीच्या काढून टाकल्या असत्या, असं वाचणाऱ्याच्या मनात येतंच.

ठाकोरसाहेबांना शिव्या घालणं सोपं आहे. मला त्या वर्षीची दुसरी गोष्ट जास्त खुपते. त्याच हिवाळ्यात वेस्ट इंडिजचा संघ भारतात होता. एव्हर्टन वीक्सने दिल्ली, मुंबई आणि कलकत्ता मिळून चार शतकं ठोकली. मद्रासची कसोटी आपण डावाने हरलो. कोणीतरी ४४३ काढून बसलाय आणि त्याला बोलावणं नाही. काठियावाडची गोलंदाजी कसली, असं म्हणणारे तेव्हाही असतील. असेल दुबळी. पण दुबळ्या गोलंदाजीवर ४४३ काढायला तरी आपल्याकडे दुसरं कोण उभं राहिलंय? संजय मांजरेकरने ३७७ केल्या, २०२३ मध्ये पृथ्वी शॉने ३७९. भारतीयाची प्रथम श्रेणीतली सर्वोच्च खेळी अजून तीच आहे. जगाचा विक्रम पुढे हनीफ महंमदच्या ४९९ आणि ब्रायन लाराच्या नाबाद ५०१ पर्यंत गेला. पण कसोटी न खेळलेल्या माणसाची सर्वांत मोठी खेळी म्हटली, की बोट अजून पुण्याच्याच त्या डावावर येतं.

भाऊसाहेब म्हणजे एवढा एकच डाव, असंही नव्हे. कोल्हापूरचा हा माणूस १९३९ पासून पंचवीस वर्षं खेळला. बडोदा, महाराष्ट्र, होळकर, मध्य भारत, राजस्थान, रेल्वे असे संघ बदलत. लागला तर मध्यमगती चेंडूही टाकायचा, लागला तर ग्लोव्हजही घालायचा. ८० सामन्यांत ४८४१ धावा, सरासरी ४७.९३, बारा शतकं. होळकर संघात ते सी. के. नायडूंच्या हाताखाली होते. नायडू नागपूरचे, म्हणजे आमच्या विदर्भाचे. तेव्हा आमचा बुलढाणा जिल्हा मध्य प्रांत-वऱ्हाडात मोडायचा आणि क्रिकेट म्हणजे नागपूरकडची बातमी. कोल्हापूर आणि नागपूर इंदूरच्या महाराजांच्या संघात एकत्र आले, हे त्या संस्थानी क्रिकेटचं देणं. एका संस्थानिकाने हाताला काम दिलं, दुसऱ्याने विक्रम हुकवला.

भाऊसाहेबांच्या वाट्याला कसोटीची टोपी आली नाही. राष्ट्रकुल संघाविरुद्ध १९४९-५० मध्ये एक अनधिकृत कसोटी मिळाली, तेवढीच. ब्रॅडमनने पत्र लिहून तुमची खेळी माझ्याहून सरस होती असं कळवलं, अशी कथा सांगतात. खरी असो वा नसो, सांगावीशी वाटते यातच सगळं आलं. भारतीय क्रिकेट मंडळाने २००२ मध्ये त्यांना सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला. ज्या कर्णधाराच्या हाताखाली खेळले त्याच्याच नावाचा, आणि वयाच्या ब्याऐंशीव्या-त्र्याऐंशीव्या वर्षी.

११ डिसेंबर २०१२ रोजी कोल्हापुरात ते गेले. दुसऱ्या दिवशी त्यांना ९३ वर्षं पूर्ण झाली असती.