बाटलीमागचं झाड (भाग ६) : धावड्याचा डिंक

गेल्या आठवड्यात आपण संत्र्याच्या सालीतल्या तेलापर्यंत आलो होतो. संत्र्याच्या बाटलीबंद पेयाला वास येतो तो याच तेलाचा. पण तेल पाण्यात ठरत नाही. वर येऊन बाटलीच्या गळ्याशी त्याचं कडं धरतं. ते कडं धरू न देणारा एक पदार्थ आपल्या सातपुड्यात झाडाच्या सालीवर पाझरतो. तो म्हणजे धावड्याचा डिंक.

परवा जळगावच्या बाजारातून पावशेर आणला. मधाच्या रंगाचे, काचेसारखे ठिसूळ खडे. चमचाभर कुटून वाटीभर पाण्यात रात्री भिजत घातले. सकाळी पाहिलं तर सगळा विरघळला नव्हता. हा डिंक थोडा फुगून तळाशी बसतोच. मलमलीच्या फडक्यातून गाळून ते पाणी एका बाटलीत ओतलं, दुसरीत साधं पाणी. दोन्हींत अर्धा-अर्धा चमचा शेंगदाण्याचं तेल घालून जोरात हलवल्या. साध्या पाण्यातलं तेल चहाला आधण येईपर्यंत वर आलं. डिंकाचं पाणी मात्र दुपारीही ताकासारखं पांढुरकं होतं.

डिंक म्हणजे वेगवेगळ्या शर्करांच्या लांब, फाटे फुटलेल्या साखळ्या; त्यांना किंचित प्रथिन जोडलेलं. प्रथिनाचा भाग तेलाच्या थेंबाला धरून बसतो, साखळ्या पाण्यात पसरतात. मग थेंब शेजारी आले तरी एकजीव होत नाहीत. कारखान्यात हेच थेंब यंत्राने मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे बारीक करतात. थेंबाचा व्यास निम्मा झाला की त्याचा वर चढण्याचा वेग चौथाईवर येतो.

बाटलीवर याचा क्रमांक ४१९. त्याचा मोठा भाऊ ४१४, म्हणजे सुदानकडच्या बाभूळवर्गीय झाडांचा डिंक. तेलाला वजन यावं म्हणून पूर्वी ब्रोमीन जोडलेलं वनस्पती तेलही घालत. भारताने ते १९९० मध्ये बंद केलं, अमेरिकेने थेट २०२४ मध्ये. आपण इथे चौतीस वर्षं पुढे होतो, हे मला मोलाचं वाटतं.

यावल, रावेर, शिरपूरच्या डोंगरात सालई-अंजनाच्या संगतीने धावडा उभा असतो. करड्या-पांढऱ्या गुळगुळीत सालीवरून लांबूनही ओळखू येतो. लाकूड इतकं चिवट की गाडीचा आस याचा करत. इंग्रजीतलं त्याचं ‘ॲक्सलवुड’ हे नाव त्यावरूनच पडलं. बाळंतिणीच्या लाडवात तुपात टरारून फुलतो तो डिंकही बहुतेक याचाच.

चैत्र-वैशाखाच्या कोरड्या उन्हात डिंक जास्त सुटतो. साल थोडी तासायची, काही दिवस थांबायचं, वाळलेले खडे खुडायचे. फिकट खड्याला भाव जास्त, काळपटाला कमी; म्हणून घरी आणल्यावर सालीचे कपटे एकेक करून वेचावे लागतात. घाव खोल गेला तर झाड वाळतं. तासणाऱ्याचा हात किती हलका, यावर पुढच्या उन्हाळ्याचा डिंक ठरतो.

पुढच्या आठवड्यात : क्रमांक ४४५, पाइनची राळ.