जळकोटजवळची पावसातली सहल

सोलापूर–हैदराबाद महामार्गावर नळदुर्ग ओलांडलं की साधारण ८ किलोमीटरवर जळकोट. तुळजापूर तालुक्यातलं हे गाव बहुतेक प्रवाशांना गाडीच्या काचेतून दिसतं तेवढंच माहीत. १३ सप्टेंबर १९४८ रोजी मात्र, हैदराबादवरच्या पोलीस कारवाईच्या पहिल्याच सकाळी, सोलापूरकडून आलेल्या भारतीय फौजेनं नळदुर्गजवळचा बोरी नदीवरचा पूल ताब्यात घेतला आणि नऊच्या सुमारास चिलखती दल जळकोटात शिरलं. इथूनच पुढे गेलेली तुकडी दुपारी सव्वातीनपर्यंत उमरग्याला पोचली होती.

दिवस पावसाळ्याचेच होते. आजही जळकोटला थांबायचं तर याच दिवसांत, आभाळ भरून आलेलं असताना. गरम भजी खावीत, चहा घ्यावा आणि नळदुर्गच्या किल्ल्याकडे निघावं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना सोयाबीन आणि तूर ओली होऊन उभी असते.

युरोपात फिरायला गेलेली माणसं पाऊस लागला की संग्रहालयात नाहीतर एखाद्या कॅफेत शिरतात. आपल्या या अवर्षणाच्या मुलखात पावसासाठीच बांधल्यासारखी एक वास्तू आहे: नळदुर्गचा पाणीमहाल. विजापूरचा दुसरा इब्राहिम आदिलशहा गाण्याचा वेडा, त्यानं बोरी नदी अडवून मुख्य किल्ला आणि समोरचा रणमंडळ हा जोडकिल्ला यांच्यामध्ये दगडी बंधारा घातला आणि त्या बंधाऱ्याच्या पोटातच महाल बसवला. साल १६१३, स्थपती मीर मुहम्मद इमादीन. बंधाऱ्याच्या माथ्यावरून जिन्यानं खाली उतरायचं. मागे नदीचं पाणी भिंतीला टेकलेलं आणि आपण कोरड्या, नक्षीदार दालनात. खिडकीशी उभं राहिलं की अंगावर तुषार येतात, बोलणं ऐकू येईनासं होतं. पाणी साठवायच्या भिंतीत बसून पाणी बघायची जागा करावी, ही रसिकता मला त्या काळच्या कुठल्याही राजवाड्यापेक्षा मोठी वाटते.

बंधाऱ्याच्या दोन सांडव्यांना लोक ‘नर’ आणि ‘मादी’ म्हणतात. ते दरवर्षी वाहतीलच असं नाही. वरच्या अंगाचं बोरी धरण भरून सांडलं, तरच दोन्ही धबधबे धरतात. म्हणून ‘नर-मादी सुरू झाली’ ही इथे नुसती पर्यटनाची बातमी नसते. धरण भरलं, रब्बीची सोय झाली, असा तिचा अर्थ. त्या दिवशी किल्ल्यावर आसपासच्या गावांतली माणसं पोराबाळांसह लोटतात, त्यांच्या चेहऱ्यांवरचा आनंद बघण्यासारखा असतो.

किल्ला बघताना नळदुर्गशी जोडलेलं आणखी एक नाव आठवतं: कर्नल मेडोज टेलर. १८५३ नंतर तो तेव्हाच्या नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार पाहत होता. ठगांवरची कादंबरी लिहिणारा तोच हा इंग्रज. जिल्ह्याचं ठाणं तेव्हा नळदुर्गातच होतं.

पावसाची उघडीप मिळाली तर उपळी बुरूज चढावा, तिथून बोरीचं वळण दिसतं. नऊ पाकळ्यांचा नवबुरूजही चुकवू नये. काळा दगड शेवाळानं निसरडा होतो, म्हणून चप्पल नको, पकड असलेले बूट हवेत. बंधाऱ्यावरून लोंढा जोरात असेल तर महालात उतरायचा हट्ट धरू नये. धबधबे समोरच्या काठावरूनही पोटभर दिसतात.