अर्धवट उघडलेली गाडी पुन्हा रस्त्यावर कशी आणायची? १९६९ची डॉज चार्जर

आज आपण एका जुन्या अमेरिकन गाडीबद्दल बोलणार आहोत, पण प्रदर्शनात मांडलेल्या चकचकीत गाडीबद्दल नाही. आपली गाडी मिशिगन किंवा ओहायोतल्या एखाद्या घराच्या गॅरेजमध्ये उभी आहे असं समजा. पुढची मडगार्डं भिंतीला टेकवलेली, सीटा माळ्यावर, इंजिन स्टँडवर आणि नट-बोल्ट कॉफीच्या रिकाम्या डब्यांत. कोणीतरी हौसेने उघडायला घेतली आणि ती पंधरा-वीस वर्षं तशीच राहिली. अशी गाडी जो विकत घेतो, त्याने पुढे कोणत्या क्रमाने काम करायचं, हा आजचा विषय.

आधी थोडी पार्श्वभूमी. मध्यम आकाराच्या गाडीत मोठ्या गाडीचं इंजिन बसवायचं आणि ती तरुणांना परवडेल अशा किमतीत विकायची, ही मसल कारची साधी कल्पना. १९६४ साली पाँटियाकने जीटीओमध्ये ३८९ घनइंचाचं व्ही-८ इंजिन दिलं, तिथून ही लाट जोरात आली. पुढे विम्याचे हप्ते वाढले, धुराचे नियम कडक झाले, १९७३ला तेलसंकट आलं आणि लाट ओसरली. म्हणजे हा सगळा खेळ जेमतेम दहा वर्षांचा. आपण उदाहरणाला घेतलेली १९६९ची डॉज चार्जर आर/टी ऐन भरातली. ४४० घनइंचाचं, म्हणजे ७.२ लिटरचं इंजिन आणि त्या काळच्या मोजणीने ३७५ अश्वशक्ती.

आता मुद्द्याकडे येऊ. गंज लागलेला पत्रा कापून नवा लावता येतो, इंजिन पुन्हा बांधता येतं, वायरिंग नवं मिळतं. पण ज्याने गाडी उघडली त्याच्या डोक्यात जे होतं, ते त्याच्याबरोबर गेलं. हा बोल्ट कुठला, ही पट्टी डावीकडची की उजवीकडची, हा वॉशर मुळातच होता की मागाहून आला? उघडणं सोपं असतं, दोन सुट्ट्यांत होतं. जोडायला मात्र उघडण्याचा क्रम माहीत असावा लागतो. म्हणून आमचं पहिलं सांगणं असं, की गाडी घरी आल्यावर पाना हातात घेऊ नका. आधी वही घ्या.

वहीतलं पहिलं पान ओळखीचं. १९६८पासून अमेरिकन गाड्यांचा ओळखक्रमांक डॅशबोर्डवर चालकाच्या बाजूला, काचेतून दिसेल असा असतो. आपल्या गाडीचा क्रमांक 'एक्सएस२९एल९बी' असा सुरू होत असेल, तर त्यात बरंच काही लिहिलेलं आहे. पहिल्या चार खुणा चार्जर आर/टी सांगतात, 'एल' म्हणजे ४४०चं इंजिन, '९' म्हणजे १९६९ आणि 'बी' म्हणजे डेट्रॉइटजवळचा हॅमट्रॅम्क कारखाना. या क्रमांकाचा शेवटचा भाग रेडिएटरच्या चौकटीवर आणि डिकीच्या कडेला रबराच्या पट्टीखाली ठोकलेला असतो. मूळचं इंजिन आणि गिअरबॉक्स असतील तर त्यांच्यावरही तो सापडतो. या सगळ्या जागा एकमेकींशी जुळतात का, ते पैसे देण्याआधी बघायचं. जुळत नसतील तर दोन गाड्यांची एक केलेली असू शकते, किंवा मामला चोरीचाही असू शकतो. ओळखक्रमांकाची पट्टी जाणूनबुजून काढणं किंवा बदलणं हा तिथल्या संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे. म्हणून पत्र्याचं काम करतानाही तिला हात लावायचा नाही.

आणखी दोन कागदपत्रं गाडीतच असतात. डाव्या मडगार्डच्या आतल्या पत्र्यावर एक छोटी धातूची पट्टी असते, तिच्यावर रंग, आतलं कापड आणि जोडलेल्या सोयी सांकेतिक खुणांत लिहिलेल्या असतात. आणि नशिबाने साथ दिली तर मागच्या सीटच्या स्प्रिंगांत अडकलेला, कारखान्यातल्या जोडणीसाठी छापलेला कागद मिळतो. तो जीर्ण असतो. सीट झटकून साफ करायच्या नादात असे कागद कचऱ्यात जातात, तेवढं सांभाळा.

दुसरं पान यादीचं. कंपनीचं मूळ सर्व्हिस मॅन्युअल आणि सुट्या भागांचं पुस्तक, दोन्हींच्या पुनर्मुद्रित प्रती मिळतात. त्यातल्या चित्रांशी डब्यांतलं सामान ताडून बघायचं. 'आहे', 'आहे पण बाद', 'नाही' असे तीन रकाने करायचे. प्रत्येक पिशवीवर नाव लिहायचं, फोटो काढायचा. हे काम कंटाळवाणं आहे खरं. पण गाडीला एकूण किती खर्च येणार, हे याच तिसऱ्या रकान्यावरून कळतं. चार्जरचे पुढचे दिवे झाकणाऱ्या झडपा निर्वात दाबावर चालतात. त्यांच्या नळ्या, डबे आणि कड्या हरवल्या असतील तर ती छोटी वाटणारी गोष्ट पत्र्याच्या एखाद्या मोठ्या भागाइतका खिसा रिकामा करू शकते.

इथेच या गाडीच्या दोन खोडी सांगून ठेवतो. क्रायस्लरच्या त्या काळच्या गाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. नेहमीच्या सवयीने सोडवायला गेलात तर तुम्ही ते घट्टच करत असता. पाइप लावून जोर केला की स्टड तुटलाच. दुसरी खोड पुढच्या सस्पेन्शनची. तिथे गुंडाळलेली स्प्रिंग नाही, लांब पोलादी दांडा पिळला जातो. त्यात साठलेला ताण ॲडजस्टरच्या बोल्टने सोडल्याशिवाय काही उघडायचं नाही, नाहीतर हात जायचा. हे दांडे डावे-उजवे वेगळे असतात, आणि त्यांच्यावर पडलेला ओरखडा पुढे तडा होऊ शकतो.

तिसरं पान गंजाचं. अमेरिकेच्या उत्तर भागात हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे तिथल्या गाड्या खालून खातात. चार्जरला वरूनही धोका आहे. तिची मागची काच दोन्ही बाजूंच्या उतरत्या पत्र्यांच्या मध्ये खोल बसवलेली आहे. दिसायला ती फार सुंदर दिसते. पण शर्यतीच्या अभियंत्यांना तिथे हवा अडखळते असं आढळलं, म्हणून १९६९च्या चार्जर ५०० या आवृत्तीत ती काच बाहेर आणून पत्र्याला समतल केली. जिथे हवा अडखळते तिथेच पानं आणि पाणीही साचतं. काचेखालची खाच गंजते, तिथून पाणी डिकीत उतरतं आणि डिकीचा तळ जातो. छतावर व्हिनाइल असेल तर त्याखालीही ओल धरून राहते. म्हणून डिकीला भोक दिसलं की आधी वर बघायचं. नुसता तळ बदलला आणि खाच तशीच ठेवली, तर नवा तळही काही वर्षांत त्याच वाटेने जाणार.

यात जीवावर बेतणारी गोष्ट कोणती? या गाडीला ट्रकसारखी वेगळी चेसिस नाही. तळाचा पत्रा, त्याखालचे पोकळ रेल, उंबऱ्याचे पत्रे, सगळं मिळून गाडीचा सांगाडा होतो. पुढच्या पीळदांड्यांची मागची टोकं तळाला वेल्ड केलेल्या आडव्या तुळईत बसतात. मागचे पाटे खालच्या रेलच्या आसपास अडकवलेले असतात. म्हणजे चाकाला बसणारा प्रत्येक धक्का याच पत्र्यांवर येतो. तिथे गंज असेल आणि वरून लांबी भरून रंग मारला असेल, तर गाडी देखणी दिसते आणि वेगात असताना मोडते. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने या जागा टोचून बघा. टोक आत गेलं तर रंगाचा विचार इतक्यात नको.

पत्रा कापायचाही एक क्रम आहे. दरवाजे बसवून फटी मोजायच्या. दाराच्या चौकटीत आडव्या-तिरक्या नळ्या वेल्ड करून आधार द्यायचा. गाडी जॅकवर नाही, भक्कम लोखंडी घोड्यांवर, सस्पेन्शनच्या जागी वजन येईल अशी ठेवायची. मॅन्युअलमधली तिरपी मापं घ्यायची. मग एका वेळी एकच भाग कापायचा, लावायचा, पुन्हा मोजायचं. दोन्ही बाजूंचे उंबरे एकदम कापले तर सांगाडा मध्ये बसतो, आणि ते शेवटी दरवाजा लागेना तेव्हा कळतं. हा पत्रा जेमतेम एक मिलिमीटरचा. सलग वेल्डिंग केलं तर तो उष्णतेने लाटांसारखा वाकतो. म्हणून छोटे टाके, लांब-लांब अंतरावर, मध्ये गार होऊ देऊन. जोरदार दाबाने वाळू मारली तरी दरवाजा-बॉनेटसारखे सपाट भाग असेच वाकतात.

तब्येतीचंही बोलायला हवं, कारण हे काम घरात चालतं. त्या काळच्या रंगात शिसं असू शकतं, छत आणि मागच्या पत्र्याचा सांधा तर शिशाच्याच मिश्रधातूने भरलेला असतो. तो ग्राइंडरने उडवायचा नाही. ब्रेक आणि क्लचच्या जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असतो. ड्रममधली धूळ हवेच्या झोताने उडवू नका, ओली करून पुसा. योग्य फिल्टरचा मास्क वापरा, आणि कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नका.

यानंतर ब्रेक, मग वायरिंग, मग इंजिन. वायरिंगमध्ये एक जागा कुप्रसिद्ध आहे. बॅटरी चार्ज होताना जाणारा प्रवाह इंजिनमागच्या भिंतीतल्या जोडणीतून थेट डॅशबोर्डवरच्या अँपिअरच्या मीटरपर्यंत जाऊन परत येतो. जुनी टोकं सैल झाली, गंजली की तापतात आणि आग लागते. ती टोकं बदलल्याशिवाय बॅटरी जोडायची नाही. इंजिन वर्षानुवर्षं बंद असेल तर चावी फिरवण्याआधी ड्रिलने तेलाचा पंप फिरवून सगळीकडे तेल पोचवायचं. नवा कॅम घातला असेल तर जस्ताचं प्रमाण पुरेसं असलेलं तेल घालायचं, आणि सुरू झाल्यावर पहिली वीस मिनिटं ते २००० फेऱ्यांच्या आसपास चालवायचं. नुसतं आयडलवर सोडलं तर कॅम घासून जातो. पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्या आजच्या इथेनॉलमिश्रित इंधनात टिकत नाहीत, त्याही बदलायच्या.

राहिला प्रश्न किती नवं करायचं याचा. आज चार्जरचे जवळजवळ सगळे पत्रे नव्याने घडवलेले मिळतात. पैसे असतील तर सगळंच बदलता येतं. पण सगळं बदलल्यावर हातात उरतो तो ओळखक्रमांक आणि एक नवी गाडी. आमचं मत असं, की सांगाड्याच्या मजबुतीत तडजोड नको, बाकी ठिकाणी मूळ भाग दुरुस्त होत असेल तर तो ठेवावा. कारखान्यातल्या खडूच्या खुणा, मूळ रंगाचा एखादा तुकडा, तारीख ठोकलेला काचेचा कोपरा, हे एकदा गेलं की परत येत नाही. ते फोटोत आणि वहीत तरी ठेवा.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. गाडी शक्य तितक्या लवकर स्वतःच्या चाकांवर आणा. ढकलून गॅरेजबाहेर काढता येणारी गाडी पूर्ण होण्याची शक्यता जास्त असते. घोड्यांवर अडकलेल्या गाडीवर हळूहळू घरातल्या खोक्यांचा ढीग चढतो. मधेच थांबावं लागलं, पैसे संपले, बदली झाली, तर लाजायचं कारण नाही. कुठपर्यंत आलो, कोणता बोल्ट कुठल्या पिशवीत आहे, कोणतं वेल्डिंग बाकी आहे, ते वहीत लिहून ती वही गाडीतच ठेवा. तुमच्यानंतर जो कोणी ही गाडी घेईल, त्याचं काम मग डब्यांपासून सुरू होणार नाही, तुमच्या शेवटच्या पानापासून सुरू होईल.