पाच गुणांची बातमी

दहावीच्या मराठीच्या प्रश्नपत्रिकेत 'उपयोजित लेखन' या भागात बातमीलेखनाचा प्रश्न असतो. गुण ५. शाळेतल्या वृक्षारोपणाची नाहीतर मराठी भाषा गौरव दिनाची दोन-चार ओळींत माहिती दिलेली असते आणि मुलांनी तिची बातमी करायची असते. वर ठसठशीत मथळा, खाली 'आमच्या वार्ताहराकडून', मग स्थळ, तारीख, पाहुणे, आभारप्रदर्शन. साताऱ्याच्या मुलाने लिहिलेली आणि जतच्या मुलीने लिहिलेली बातमी शेजारी ठेवली तर फरक फक्त अक्षराचा. चूक मुलांची नाही. जो कार्यक्रम झालेलाच नाही, त्याची चौकशी तरी कुणाकडे करणार?

बातमीचा साचा शाळेत शिकवला जातो, बातमी काढणे मात्र राहून जाते.

लिहिण्याची हौस शाळांना नाही असेही नाही. सातारा-सांगलीकडच्या बहुतेक हायस्कुलांत भित्तिपत्रकाचा फलक असतो आणि वर्षाकाठी एखादे हस्तलिखित निघते. त्याची रीत ठरलेली. ज्याचे अक्षर मोत्यासारखे, तो आपसूक संपादक. चित्रकलेचे सर मुखपृष्ठ करून देतात, समासाला स्केचपेनची वेलबुट्टी निघते, आत कविता, सुविचार, 'माझी सहल' आणि कोडी. स्नेहसंमेलनात पाहुण्यांच्या हस्ते प्रकाशन होते, फोटो निघतो आणि हस्तलिखित ग्रंथालयाच्या कपाटात जाते. त्यात सगळे काही असते. फक्त गेल्या महिनाभरात त्या शाळेत आणि त्या गावात काय घडले, तेवढे सापडत नाही.

आणि बातम्यांचा तर इथे सुकाळ. पावसाळ्यात सांगलीत पोराटोरांच्याही तोंडी एकच प्रश्न असतो : आयर्विनला किती फूट? आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९च्या महापुरात पाणी ५७ फुटांच्या वर गेले. अशा दिवसांत मोबाइलवर तासातासाला नवा आकडा फिरतो, आणि प्रत्येकाचा 'आतल्या माणसाकडून' कळलेला. नववीतल्या दोघा-तिघांवर काम सोपवून पाहावे. पाटबंधारे विभागाकडून पातळीचा अधिकृत आकडा घ्यायचा, आलेल्या प्रत्येक मेसेजशी ताडायचा, कोणता मेसेज किती फुटांनी आणि किती तासांनी चुकला ते मांडायचे आणि तो कागद फलकावर लावायचा. त्या फलकापुढे गर्दी होईल, सुविचारापुढे होत नाही तशी.

हाच धागा वर नेला तर साताऱ्यात पोचतो. कोयना धरण सातारा जिल्ह्यात, साठवण क्षमता १०५.२५ टीएमसी. कोयना कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते आणि पाणी सांगलीकडे निघते. धरणाचे दरवाजे उचलल्यावर आयर्विनचा आकडा किती वेळाने हलतो, हे पाटणच्या आणि सांगलीच्या शाळांनी आपापल्या नोंदी एकमेकांना कळवून शोधावे. भूगोल, गणित आणि मराठी एकाच कागदावर येतील, आणि वाचायला पालकही थांबतील.

बातमी दर वेळी पुराएवढी मोठी असावी लागत नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकरांचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात दाखल झाले. हा दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. भाषणे सगळीकडे होतात. पण शाळेच्या रजिस्टरमधली ती नोंद, क्रमांक १९१४, आपण पाहून आलो असे लिहिणारा मुलगा आणि भाषणातले वाक्य उतरवून काढणारा मुलगा यांच्यात जे अंतर आहे, तेवढेच बातमी आणि निबंध यांच्यात असते.

शाळकरी वयात छापील शब्दाची गोडी लावणारी माणसे महाराष्ट्राला नवी नाहीत. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक असताना साने गुरुजी वसतिगृहातल्या मुलांसाठी 'छात्रालय' नावाचे दैनिक हाताने लिहून काढत. १९२८मध्ये त्यांनी 'विद्यार्थी' मासिक सुरू केले. लिहिणारा हात गुरुजींचा होता हे खरे, पण सकाळी उठल्यावर आपल्याचसाठी लिहिलेले ताजे पान वाचायला मिळण्याची चैन त्या मुलांनी अनुभवली. १९४८मध्ये गुरुजींनी 'साधना' साप्ताहिक काढले. त्याचे पुढे संपादक झालेले डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याच्या न्यू इंग्लिश स्कूलचे आणि सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजचे विद्यार्थी.

छोट्या जागेची पत्रिका किती लांब जाते, याचा दाखला सांगली जिल्ह्यातच आहे. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातून १९२०मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढले. त्याचेच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले आणि मराठी मध्यमवर्गाच्या घरोघरी पोचले.

मुले खरोखर बातमी काढू लागली की मुख्याध्यापकांच्या कपाळाला आठ्या पडणार, हे उघड आहे. अमेरिकेत हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मिसुरी राज्यातल्या हेझलवूड ईस्ट हायस्कुलात १९८३मध्ये मुलांच्या 'स्पेक्ट्रम' या अंकातली दोन पाने मुख्याध्यापकांनी छपाईआधी काढून टाकली. विषय होते विद्यार्थिनींचे गरोदरपण आणि आईवडिलांचा घटस्फोट. १९८८मध्ये न्यायालयाने ५ विरुद्ध ३ मतांनी शाळेच्या बाजूने निकाल दिला. त्यानंतर कॅन्सससारख्या काही राज्यांनी मुलांच्या लेखनस्वातंत्र्यासाठी वेगळे कायदे केले. त्याच कॅन्ससमधल्या पिट्सबर्ग हायस्कूलच्या मुलांनी २०१७मध्ये नव्याने नेमलेल्या मुख्याध्यापिकेच्या पदव्या तपासल्या, त्यांनी सांगितलेल्या विद्यापीठाच्या मान्यतेबद्दल प्रश्न उभे केले आणि ते छापले. काही दिवसांतच मुख्याध्यापिकेने राजीनामा दिला. मोठ्यांच्या नजरेतून सुटलेले मुलांनी पकडले, ते निव्वळ चौकशी करून.

आपल्याकडे इतक्या दूर जायची गरज नाही. शालेय पोषण आहारात सहावी ते आठवीच्या मुलासाठी रोज १५० ग्रॅम धान्य आणि ३० ग्रॅम डाळ ठरलेली आहे. विज्ञानाच्या खोलीतला तराजू आणि हजेरीपट एवढ्या सामग्रीवर आठवीचा वर्ग याची बातमी करू शकतो. आहार बरोबर निघाला तर तीही बातमीच, आणि ती छापताना स्वयंपाक करणाऱ्या ताईंचे नाव घालायला विसरू नये.

काही कुंपणे मात्र पहिल्याच दिवशी दाखवायला हवीत. बाल न्याय कायदा, २०१५च्या कलम ७४नुसार पीडित, साक्षीदार किंवा कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या बालकाची ओळख पटेल असे काहीही प्रसिद्ध करता येत नाही. कुणाचा बालविवाह थांबवला गेला, कुणावर अत्याचार झाला, असे विषय फलकावर नावागावासकट लावले तर बातमीपेक्षा त्या मुलीचे हाल मोठे होतात. हे समजावून सांगणारा शिक्षक हवा. तांबड्या पेनाने ओळी खोडणारा नव्हे, 'हे तुला कुणी सांगितले?' असे विचारणारा.

लिहिता न येणे हीसुद्धा अडचण नाही, हे दिल्लीच्या 'बालकनामा'ने दाखवले. रस्त्यावर राहणारी आणि काम करणारी मुले २००३पासून हे वृत्तपत्र चालवत आली आहेत. ज्यांना लिहिता येत नाही ती मुले 'बातूनी रिपोर्टर' म्हणून तोंडी बातमी देतात, आणि लिहिता येणारा सोबती ती उतरवून घेतो.

सरकारी कागदही मुलांना बंद नाहीत. २०१२मध्ये लखनौच्या एका शाळकरी मुलीने माहितीच्या अधिकारात विचारले, की गांधीजींना राष्ट्रपिता ही पदवी देणारा आदेश कोणता? तसा कागद नसल्याचे तिला कळवण्यात आले, आणि देशभरच्या वर्तमानपत्रांनी तिच्या प्रश्नाची बातमी केली. महाराष्ट्रात अशा अर्जाला १० रुपयांचे कोर्ट फी तिकीट लागते, विषय एकच असावा लागतो आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. दहावीच्या निबंधापेक्षा काही मोठा नाही.