विसर आणि टांचणवही

शेतकऱ्याचीं बहुतेक कामें दिवसांच्या हिशेबानें बांधलेलीं असतात. गव्हास पेरणीनंतर 18 ते 21 दिवसांनीं मुकुटमुळें फुटतांना पाणी हवें. नंतर 40 ते 45 दिवसांनीं कांडी धरतांना, व पुढें 60 ते 65 दिवसांनीं फुलोऱ्यांत. गाईस रेतन केल्यावर 21 व्या दिवसाच्या सुमारास ती पुन्हां माजावर येते कीं काय, हें पाहावें लागतें. तो दिवस नजरेंतून सुटला तर आणखी तीन आठवडे वायां जातात. हें आमच्या वाचकांस ठाऊक नाहीं असें नाहीं. उणीव माहितीची नसून ऐन वेळीं आठवण होण्याची आहे.

विसरणें हा मनाचा स्वभावच आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञानें निरर्थक अक्षरसमूह स्वतः पाठ करून पाहिले व 1885 सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाठ केलेल्यापैकीं बराच भाग पहिल्या कांहीं तासांतच निसटतो, असें त्यास आढळलें. त्यांत पुढें करावयाच्या कामाची आठवण अधिकच नाजूक. कारण ती कोणी विचारल्यावर नव्हे, तर आपली आपणच योग्य वेळीं जागी व्हावी लागते. पदरास गाठ मारण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. गाठ पाहून कांहीं तरी करावयाचें आहे एवढें कळतें. काय व केव्हां, तें कळत नाहीं. त्यास लेखच हवा.

याकरितां आम्ही पुढील रीत सुचवितों. पहिलें, वही एकच असावी व तिची जागा ठरलेली असावी. सुट्या चिठ्ठ्या हरवतात. दुसरें, काम सुचतांच लिहावें व पुरतें लिहावें. 'बियाणें' असा एक शब्द न टाकतां 'सोमवारीं बाजारास जातांना हरभऱ्याचें बियाणें आणणें' असें लिहावें. तिसरें, पुढच्या तारखा आरंभींच काढाव्या. 10 नोव्हेंबरास गहूं पेरला, तर त्याच सायंकाळीं 28 नोव्हेंबर ते 1 डिसेंबर यांच्या पानावर मुकुटमुळांचें पाणी मांडावें. चौथें, रोज रात्रीं वही उघडून उद्यांचीं चार-पांच कामें निवडावीं. झालेलें खोडावें, राहिलेलें नव्या तारखेस न्यावें. मोबाइलचा गजरही लावावा. मात्र तो काम करतां येईल अशा वेळींच वाजावा. पतपेढीच्या कामाचा गजर पहाटे वाजून उपयोग नाहीं.

कागदपत्रांच्या कामांत विसर फार महाग पडतो. वारसाहक्कानें जमीन आल्यास तीन महिन्यांच्या आंत तलाठ्याकडे, म्हणजे हल्लींच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, वर्दी द्यावी, असें 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचें कलम 149 सांगतें. दुःखाच्या घरीं हें कोणास सुचत नाहीं. पुढें वर्षानुवर्षें सातबाऱ्यावर मृताचेंच नांव राहतें, आणि कर्ज काढतांना किंवा वांटणी करतांना भावाभावांत अडचण उभी राहते. असे कित्येक कागद नोकरींत आमच्या हाताखालून गेले. म्हणून दिवसकार्य आटोपतांच घरांतील एकानें ही तारीख वहींत मांडावी.

मात्र घरचें वडील माणूस नेहमींची वाट किंवा पैशांचा साधा हिशेब चुकूं लागलें, तर वहीवर न भागवितां त्यास डॉक्टरांस दाखवावें. इतरांस चार आण्यांच्या बुद्धीनेंही चालविता येईल अशी ही रीत आहे. येत्या पेरणीपासून ती करून पाहावी.